प्रबंध पारावर नेताना

मी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सासर शेतकऱ्याचं, जमीन कृष्णाकाठची, त्यातली थोडी क्षारपड, म्हणजे क्षार साठून बिघडलेली. त्यामुळे दिवसा ज्या विषयाचे प्रबंध कपाटात लावते, तोच विषय रात्री जेवताना पुन्हा निघतो. विद्यापीठातलं संशोधन गावापर्यंत न्यायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. पीएच.डी. करणारी मुलं विचारतात, नव्यानं लागलेले प्राध्यापक विचारतात, गावचं वाचनालय चालवणारे विचारतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथं लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक माती आणि उसाची, कारण माझं रोजचं तेच. विषय आरोग्याचा असो की शाळेचा, कामाची रीत फारशी बदलत नाही.

आधी प्रश्न, मग प्रबंध

बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरू करतात. एक चांगला पेपर हाती लागतो, तो लोकांना सांगायचाच असं ठरतं, मग हॉल, बॅनर, प्रोजेक्टर. लोक येतात, चहा घेतात, जातात. त्यांनी काही विचारलेलंच नव्हतं.

देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा. माझ्याकडे आहे. मुलांचे पालक, शिपायांचे भाऊबंद, पेपर वाचायला येणारे म्हातारे, जो कुणी जे विचारेल ते त्याच्याच तोंडचं लिहायचं. "हळदीचा कंद कुजतोय, औषध सोडलं तरी थांबंना." "बोअरचं पाणी ठिबकला चालंल का?" "पोरीला सारखा थकवा, रक्त कमी म्हणत्यात, गोळ्या खाऊन पण तसंच." "मॅडम, जिप्सम टाकलं की मीठ उतरतंय म्हणत्यात. एकराला किती टाकू?" याचं 'मृदेतील क्षारता कमी करण्याचे उपाय' असं शीर्षक करू नका. तसं केलं की विचारणारा माणूस त्यातून निघून जातो, आणि त्यानं कुणाकडून काय ऐकलंय हेही जातं. जिप्समवाल्या आबांना मी विचारलं, कोण म्हणतंय? तर खताचा दुकानदार. म्हणजे उत्तर नुसतं बरोबर असून भागणार नव्हतं, दुकानदाराच्या सांगण्यापुढं टिकणारं हवं होतं.

वहीतला कुठला प्रश्न उचलायचा? उत्तर मिळालं तर हा माणूस येत्या हंगामात काही वेगळं करणार आहे का, एवढं बघा. करणार नसेल तर तूर्त ठेवून द्या. स्पष्ट सांगायचं तर कपाटातल्या पुष्कळ प्रबंधांत गावाला नेण्यासारखं काही नसतं. काही तर पदवीसाठी लिहिलेले असतात आणि पदवीबरोबर त्यांचं काम संपतं. त्यात कुणाला कमी लेखायचं नाही, पण सगळंच लोकांपर्यंत गेलं पाहिजे असा हट्टही धरू नये.

शोधायचं कुठं

पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. शेतीसाठी 'कृषिकोश' बघा, कृषी विद्यापीठांचं ते वेगळं भांडार आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले एम.एस्सी.चे प्रबंधही तिथं आहेत, आणि कामाला बहुधा तेच येतात. पीएच.डी.पेक्षा आटोपशीर, एका पिकावर, एका ठिकाणी केलेले.

शोधताना एक अडचण हमखास येते, ती म्हणजे गावांच्या नावांची. वाळवा इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात, कवठेमहांकाळ तर किती तऱ्हांनी लिहितात त्याला धरबंध नाही. एका स्पेलिंगनं काही मिळालं नाही म्हणून संशोधनच नाही असं समजू नका, सगळी स्पेलिंगं टाकून बघा. नाहीतर तालुका सोडा आणि 'अप्पर कृष्णा', 'सांगली', 'सातारा', 'दख्खन पठार' अशा मोठ्या नावांनी शोधा.

नियतकालिकातले लेख पैशांच्या कुलपात असतात. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेतून सरकारी विद्यापीठं आणि संस्थांमधल्या विद्यार्थी-शिक्षकांना मोठ्या प्रकाशकांची हजारो नियतकालिकं खुली झाली. गावातल्या माणसाला ती खुली नाहीत. म्हणून अशा संस्थेत शिकणारी भाची-पुतणी असेल तर तिला कामाला लावा. त्याहून सोपं म्हणजे लेखकालाच मेल टाकायचा. चार ओळी पुरतात: मी कोण, कुठून लिहितोय, लेख कशासाठी हवाय. आपलं लिहिलेलं कुणीतरी शेतावर वापरणार आहे हे कळल्यावर प्रत न पाठवणारा लेखक विरळा.

आणि जवळच्यांना विसरू नका. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरीच्या विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथं हळदीवर आणि क्षारपड जमिनींवर काम चालतं. फलटण तालुक्यात पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून आहे. आपल्या शिवारात लागलेल्या उसाचा मोठा हिस्सा त्यांनी शिफारस केलेल्या जातींचा असतो, पण तिथं पाय ठेवलेले शेतकरी मोजकेच. पाडेगावला एकदा जाऊन उभ्या पिकासमोर प्रश्न विचारणं दहा प्रबंध वाचण्याइतकं कामाचं ठरतं.

वाचायचा क्रम

पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी सारांश. मग थेट 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण, जे सगळे सोडून देतात. मग तक्ते. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' शेवटी, वेळ उरला तर.

पद्धतीच्या प्रकरणात कागद घेऊन पाच गोष्टी टिपा. जमीन कसली होती. पाणी कसलं होतं, नदीचं, कालव्याचं की विहिरीचं. हंगाम कुठला. किती वर्षं केलं. आणि केवढ्या तुकड्यावर केलं. प्रयोग बहुधा विद्यापीठाच्या फार्मवर, एखाद-दुसऱ्या गुंठ्याहूनही लहान वाफ्यांत, एक-दोन हंगाम झालेला असतो. तिथं वेळेवर पाणी, वेळेवर खुरपणी, मजूर हजर. आपल्याकडे मोटरची लाईट रात्री दीडला येते. हा फरक पत्रकात येत नसेल तर ते पत्रक छापू नका.

अटी गाळायच्या नाहीत

सगळ्यात जास्त मला याबद्दल सांगायचंय. सोपं करायच्या नादात आपण लोक पहिला हात अटींना घालतो, कारण त्यामुळे वाक्य लांब होतं. शास्त्रीय नावं गाळा, आकडेमोड गाळा, संदर्भ गाळा, संशोधकाचं नावसुद्धा खाली बारीक अक्षरात टाका. पण 'अमुक असेल तर' हे ठेवा. तेच काढलं तर उरतो सल्ला, आणि सल्ले गावात रग्गड आहेत.

आबांच्या जिप्समचंच घ्या. जमीन बिघडली की गावात तिला क्षारपड हे एकच नाव. पुस्तकात तिचे प्रकार आहेत आणि प्रकारागणिक उपाय बदलतो. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, वर पांढरं फुटतं, सामू (पीएच) साडेआठच्या खाली असतो. चोपण जमिनीत मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम जास्त. ती ओली झाली की चिकट चिखल, वाळली की दगड, आणि पाणी वरच थांबतं. सामू साडेआठच्या वर जातो. तिसऱ्या प्रकारात दोन्ही दुखणी एकत्र. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून उठवतं, म्हणून ते चोपण जमिनीचं औषध. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम म्हणजे क्षारांत आणखी एक क्षार. तिला गोडं पाणी आणि निचरा लागतो. निचरा चोपणीलाही लागतोच, कारण सुटलेलं सोडियम शेवटी जाणार कुठं? कुंडीच्या बुडाला भोक नसेल तर वरून कितीही पाणी ओता, मीठ कुंडीतच राहणार.

आता हेच संशोधनाच्या अहवालात साधारण असं येतं ('जिप्सम आवश्यकता' म्हणजे त्या जमिनीला किती जिप्सम लागेल तो आकडा): 'चोपण जमिनीत जिप्सम आवश्यकतेनुसार जिप्सम देऊन निचऱ्याची सोय केल्यास पीक उत्पादनात वाढ होते.' दुकानाच्या काउंटरवर पोचेपर्यंत त्याचं होतं, 'जिप्सम टाका, माल वाढतोय.' चोपण गेलं, आवश्यकता गेली, निचरा गेला. राहिलं ते फक्त विकायच्या कामाचं.

आबांसाठी मी जी चिठ्ठी केली ती पुढं बऱ्याच जणांनी नेली. मजकूर असा:

'एकराला जिप्सम किती, हे मातीचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणी सांगत असेल तर ऐकू नका. रिपोर्टवर सामू बघा. साडेआठच्या आत आहे आणि रानात पांढरं फुटतंय, तर जिप्समचे पैसे राखून ठेवा, आधी निचऱ्याचं बघा. साडेआठच्या वर असेल तर प्रयोगशाळेला जिप्सम आवश्यकता आणि विनिमय सोडियम (कणांना धरून बसलेलं) काढून मागा, साध्या तपासणीत ते नसतं. पाणी बाहेर जायला वाट नसेल तर दोन्हीकडून पैसे पाण्यात.'

कुणी मृदाशास्त्रज्ञ म्हणेल, यात विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा आकडा, कुठं आहे? मुद्दाम नाही घातली. पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची सीमा चार डेसिसायमन प्रति मीटर दिलेली असते, पण ती संपृक्त मातीच्या अर्कातली, म्हणजे माती जेमतेम पाण्यानं भरून त्यातून काढलेल्या पाण्यातली. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुधा माती पाण्यात अडीच पट पातळ करून वाहकता मोजतात, त्यात आकडा बराच कमी दिसतो. शेतकरी रिपोर्टवरचा दीड बघून पुस्तकातल्या चारशी ताडून बघणार आणि म्हणणार, आपली जमीन झकास. असा अर्धवट आकडा देण्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या माणसालाच 'हे कुठल्या पद्धतीनं काढलं' एवढं विचारायला सांगावं.

काही अटी तर प्रबंधात नसतातच, त्या गावानं घालायच्या असतात. सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा हा उपाय चांगला आहे, पाइप किती खोल आणि किती अंतरावर टाकायचे ते संशोधनातून कळतं. पण त्या पाइपातलं पाणी ओढ्यापर्यंत जाणार कुणाच्या रानातून? खालच्या शेतकऱ्यानं बांधाला हात लावू दिला नाही तर सगळं तंत्रज्ञान बांधाच्या अलीकडं. आमच्याकडे वाद पाइपाच्या अंतरावर होत नाही, बांधावर होतो. म्हणून निचऱ्याच्या पत्रकात पहिलीच ओळ अशी हवी: 'ओढ्यापर्यंतच्या सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय खर्चाला हात घालू नका.' ही ओळ लिहायला शास्त्रज्ञ लागत नाही, पण ती नसेल तर शास्त्रज्ञाचं बाकीचं वाया.

मापं बदला

संशोधन हेक्टरात बोलतं, आपण एकरात आणि गुंठ्यात. हेक्टराला अडीच एकर धरून भागलं की कामापुरतं जमतं. पण तेवढ्यावर थांबू नका, शेतकरी जे हातात धरतो तिथपर्यंत जा.

आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाची विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश. आता हा ४०० चा आकडा तसाच छापला तर कुणीतरी तो युरियाचा समजणार. नत्र म्हणजे युरिया नव्हे, युरियात नत्र ४६ टक्के. म्हणून एकरी १६० किलो नत्र, म्हणजे साधारण ३४८ किलो युरिया, आणि पोतं आता ४५ किलोचं, म्हणजे पावणेआठ पोती. तीही एकदम नाही, हप्त्यांनी. शेवटी कागदावर 'पावणेआठ पोती' एवढंच ठळक हवं, बाकीचा हिशेब खाली छोट्या अक्षरात, म्हणजे ज्याला पडताळायचाय त्याला पडताळता येईल. आणि स्फुरदासाठी डीएपी हे नत्र-स्फुरद दोन्ही असलेलं खत वापरणार असाल तर त्यातलंही नत्र वजा करायचं, हे त्याच ओळीत. ते सुटलं की खर्च वाढतो आणि ऊस लोळतो.

टक्केवारीचं तसंच. '३० टक्के महिलांमध्ये' यापेक्षा 'दहा जणींत तिघी' लवकर पोचतं. सरासरी सांगताना दोन्ही टोकं सांगा, कारण प्रत्येक जण मनात स्वतःला सरासरीच्या वरच धरतो.

तक्त्याखाली एक वाक्य असतं, 'फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय आढळला नाही.' त्याचा अर्थ फरक नाही असा घेऊ नका. या प्रयोगात जेवढे वाफे होते तेवढ्यावरून खात्रीनं सांगता येत नाही, एवढाच तो अर्थ. उलट बाजूही आहे. फरक लक्षणीय असला तरी तो इतका किरकोळ असू शकतो की त्यासाठी एकरी दोन मजूर जास्त लावणं परवडणार नाही. म्हणून उत्पादनाच्या शेजारी खर्च मांडल्याशिवाय मी कुठलंही पत्रक बाहेर जाऊ देत नाही. प्रबंधात खर्चाचा तक्ता असतो, पण मजुरी त्या वर्षीची. आजची घाला.

माप कसं असावं याचा नमुना बघायचा तर पावसाळ्यात सांगलीत या. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे टीव्हीवर चालू असतं, पण गल्लीत प्रश्न एकच, आयर्विनला किती फूट? आयर्विन पुलाखाली ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी. त्या फुटांवरून लोकांना ठाऊक असतं की आता सूर्यवंशी प्लॉटात पाणी, आता दत्तनगरात, आता सामान माडीवर. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हे गणित मोडलं, कारण इतक्या वरच्या फुटांना कुठली गल्ली जोडायची हे कुणाच्याच आठवणीत नव्हतं. पुराचे नकाशे करणाऱ्यांनी तिथून पुढची कडी जोडून द्यावी. प्रत्येक फुटाला कुठलं घर, कुठला ट्रान्सफॉर्मर, कुठला दवाखाना. रंगीत नकाशापेक्षा अशी साधी यादी चावडीवर टांगली तर आयुष्यभर वाचली जाईल.

छापण्याआधी वाचून दाखवा

चार-पाच जणांना बसवा आणि मोठ्यानं वाचा. मग 'समजलं का' असं विचारू नका. समजलं का म्हटलं की मान डोलतेच, विशेषतः विचारणारी 'मॅडम' असली की. त्याऐवजी म्हणा, तुमच्या जावेला हे सांगायचं झालं तर कसं सांगाल? ती जे सांगेल त्यात काय गळलं ते बघा. एखादी अट दोघींच्या सांगण्यातून गळली तर दोष वाक्याचा, वाक्य बदला.

हे चार-पाच जण कोण, यालाही महत्त्व आहे. सरपंच आणि प्रगतशील शेतकरी नकोत, त्यांना सगळेच विचारतात. हळदीचं बेणं निवडणाऱ्या, द्राक्षाची विरळणी करणाऱ्या, खुरप्याला जाणाऱ्या बायकांना बसवा. कीड पहिल्यांदा त्यांना दिसते. औषधाच्या पत्रकावर 'फवारणीनंतर इतके दिवस बागेत जाऊ नये' असं असेल तर ते मालकापेक्षा त्यांना कळायला हवं, कारण त्या दिवशी बागेत त्याच असतात.

वाटायचं कुठं? ग्रामपंचायतीचा फलक कुणी वाचत नाही. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ रांग असते, तिथं लावा, डोळ्याच्या उंचीवर, मोठ्या अक्षरात, एका पानात. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखापेक्षा दोन मिनिटांचा आवाज चांगला चालतो, आणि तो गावातल्याच कुणाच्या तरी आवाजात असावा. चित्र पाठवणार असाल तर वर्ष, हंगाम आणि कुठल्या जमिनीसाठी हे मजकुराच्या मधोमध घाला, कडेला नको. कडा लोक कापतात आणि पुढं ढकलतात, मग तीन वर्षांनी तेच चित्र द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर भलत्याच हंगामात फिरत येतं.

वेळ ठरवताना मोटरच्या लाईटचं वेळापत्रक आणि ऊसतोडीचे दिवस बघा. फळछाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षवाला कुठल्याच बैठकीला येणार नाही, डाऊनी (केवडा रोग) त्याला झोपू देत नाही.

संशोधकाला बोलवायचं तर

स्टेजवर नको, बांधावर बोलवा. स्टेज आलं की हार, नारळ, प्रास्ताविक, सत्कार, मग पाहुण्यांचे दहा मिनिटं आणि आभार. आमच्या भागात सत्काराला जेवढा वेळ जातो तेवढ्यात एक एकर फिरून होतं. बांधावर आलेल्या माणसाला लोक खरे प्रश्न विचारतात, आणि त्यालाही 'यावर अजून काम झालेलं नाही' म्हणायची लाज वाटत नाही. असं म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाला पुढच्या वेळी लोक आपणहून बोलावतात, हे मी पाहिलंय.

बोलावण्याआधी त्यांना वहीतले प्रश्न पाठवा, जसेच्या तसे, बोलीतले. सुटाबुटातले करून पाठवले तर ते सुटाबुटातली उत्तरं घेऊन येतील.

सर्वेक्षण केलंत तर परत या

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोलवाल्यांसाठी हा भाग. आमच्या गावांत प्रश्नावल्या घेऊन मुलं येतात, बायका हातातलं काम टाकून तासभर उत्तरं देतात, नंतर कुणी फिरकत नाही. एका गावात एका संस्थेची मुलं पूरग्रस्तांची माहिती घेऊन गेली, लोकांना वाटलं मदतीची यादी चाललीय, आणि वर्षभर ते आम्हाला विचारत होते, पैसे कधी जमा होणार? तेव्हा पहिल्याच भेटीत सांगा की यातून पैसा मिळणार नाही, आणि मिळणार आहे तो एक कागद आम्ही अमुक महिन्यात आणून देऊ. मग तो द्या.

त्या कागदात माणसं ओळखू येणार नाहीत एवढं बघा. नावं काढली म्हणजे झालं असं नाही. तीस उंबऱ्यांच्या वाडीत 'एक विधवा महिला शेतकरी, दीड एकर, सोसायटीचं कर्ज थकीत' एवढं लिहिलं की सगळी वाडी तिचं नाव घेते. अशा ठिकाणी वाडीचा आकडा न देता चार वाड्या मिळून द्या. गट क्रमांक तर कधीच छापू नका.

उलटा रस्ताही चालू ठेवा

गाव फक्त घेणारं नसतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं, ती 'नारी सुवर्णा'. काम प्रयोगशाळेत सुरू झालं तरी या मेंढ्या धनगरांच्या कळपांत देऊन तिथंही त्यांची नोंद ठेवली गेली. दोन कोकरं झाली तर मेंढीला दूध पुरेल का, वाटचालीत ती तगतील का, याचं उत्तर संस्थेच्या गोठ्यात मिळणारं नव्हतं. आणि १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण झालं तेव्हा तर प्रश्नच गावानं ठरवला होता. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी दुष्काळ, वाळूउपसा आणि पाण्याचा अभ्यास जाणकारांना बरोबर घेऊन केला, वाळू विकून पैसा उभा केला, आणि भूमिहीनांनाही पाण्यात वाटा ठेवला. असा वाटा कुठल्या प्रबंधाची शिफारस वाचून ठेवला गेला नव्हता.

एवढं मोठं जमलं नाही तरी गावात एक साधी चाचणी कुणालाही करता येते. नवीन काही करताना सगळ्या रानात करू नका, एक पट्टा जुन्याच पद्धतीचा राखा, रानाच्या मधोमध, कडेला नको. कडेचं पीक नेहमी वेगळं येतं. शेतकऱ्याला हा पट्टा राखायला जिवावर येतं, "तेवढं नुकसान कशाला?" म्हणतो. पाच गुंठे पुरतात असं सांगा. उसात अडचण पुढं येते. तोडणीची टोळी काही पट्टे वेगळे ठेवून तोडणार नाही आणि कारखान्याची वजनपावती सगळ्या रानाची एकच येते. म्हणून टोळी येण्याआधी दोन्ही पट्ट्यांत तीन-तीन ठिकाणी सरीची दहा-दहा फूट लांबी मोजा, तिथले ऊस मोजा, तोडून वजन करा, वहीत लिहा. वजनकाटा दूध डेअरीतून किंवा भंगारवाल्याकडून मागून आणता येतो. ही वही घेऊन पाडेगावला किंवा डिग्रजला गेलात तर तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतात.

आलेली उत्तरं, केलेली पत्रकं, चाचण्यांच्या नोंदी एका फाइलीत लावा आणि ती फाइल वाचनालयात ठेवा, कुणाच्या घरी नको. घरची फाइल भावकीत अडकते. प्रत्येक पानावर तारीख आणि विचारणाऱ्याचा प्रश्न. दरवर्षी मे महिन्यात, हळदीच्या लागणी सुरू व्हायच्या आत, एक दुपार बसून ती चाळायची. बंदी आलेली औषधं, मागं पडलेल्या जाती, बदललेल्या मजुरीचे आकडे काढायचे, त्या पानावर लाल पेनानं 'रद्द' लिहायचं आणि का रद्द तेही एका ओळीत. पान फाडायचं मात्र नाही. जुन्या पत्रकाचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतोच, आणि तो दाखवत माणूस आला की फाइलमधलं लाल अक्षर समोर ठेवता आलं पाहिजे.